प्रवासांतील औषधांचा बटवा

गोंदिया स्टेशनच्या फलाटावर जो कोणी तासभर बसला असेल, त्यानें एक देखावा खचित पाहिला असेल. हावड्याकडे किंवा मुंबईकडे जाणारी गाडी येण्याची वेळ होते, हमाल उठतात, निरोप देणारे आणि घेणारे दोघेहि घाईला येतात, आणि अशा वेळीं कोणी तरी आई किंवा आजी आपल्या माणसाच्या पिशवींत एक लहानशी पुरचुंडी हळूच सरकवते. "पोट दुखला त ओवा खाजो, बाबू," एवढेंच ती म्हणते. मुलगा आतां मोठ्या शहरांत नोकरीला असतो. त्याला या पुरचुंडीची थोडी लाज वाटते. पण तो ती परत करीत नाहीं. आज या पुरचुंडीचा इतिहास आपणांपुढें थोडक्यांत मांडावा असा माझा हेतु आहे.

मनुष्य प्रवासाला निघतांना जीं औषधें बांधून घेतो, त्यांवरून त्याला कशाची भीति वाटते हें समजतें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाहीं हेंहि समजतें. राजांच्या लढाया बखरींत लिहिल्या गेल्या. प्रवाशाचा बटवा कोणी लिहून ठेवला नाहीं. तरी आपल्या या धानाच्या, तळ्यांच्या आणि जंगलांच्या मुलुखांत त्या बटव्यानें किती माणसें तारलीं आणि किती तारतां आलीं नाहींत, याचा हिशेब एकदां पाहण्यासारखा आहे.

आगगाडी येण्यापूर्वीं आपल्या भागांतील प्रवास म्हणजे पायवाट आणि बैलगाडी. डोंगरगडच्या बमलेश्वरीला, कचारगडच्या गुहेंतील दैवतांना, दूर पंढरीला किंवा त्याहूनहि दूर काशीला जावयाचें तर लोक संघ करून निघत. त्या काळचा बटवा घरांतील वडील बाईच्या ताब्यांत असे. सुंठ, ओवा, हिंग, पिंपळी, जायफळ, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जखमेसाठीं हळद आणि हें सर्व उगाळण्यासाठीं एक लहानशी सहाण, असा तो थाट होता. या वस्तूंची निवड अडाणीपणाची नव्हती. त्या सर्व वाळलेल्या असल्यामुळें महिनोन् महिने टिकत, थोड्या जागेंत मावत, आणि वाटेंत संपल्या तर कोणत्याहि बाजारांत मिळत. अपचन, वायु, सर्दी, खोकला, किरकोळ जखम या नित्याच्या तक्रारींना त्यांचा उपयोगहि होई. प्रवासी सामानाला जे गुण लागतात, ते या बटव्यांत पुरेपूर होते.

परंतु वाटेवर दोन शत्रु असे होते कीं, त्यांच्यापुढें हा बटवा हात टेकी. एक पटकी आणि दुसरा हिंवताप. पटकी यात्रेबरोबर चाले. हजारों माणसें एका नदीच्या किंवा तळ्याच्या कांठीं उतरत, तेंच पाणी पीत, त्यांतच स्नान करीत. मग एकाचा रोग शंभरांचा होण्यास वेळ लागत नसे. हिंवतापाचें तसें नव्हतें. तो यात्रेची वाट पाहात नसे. तो आमच्या मुलुखांत घर करून राहिलेला होता. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगांव या बाजूंचें जंगल, त्यांतील झरे, सभोंवारची भातशेती आणि पाऊसकाळ संपतांना सांचलेलें पाणी, यांमुळें बाहेरून येणारा मनुष्य थोड्याच दिवसांत थंडी वाजून अंथरूण धरी. सरकारी नोकरांची या भागांत बदली झाली कीं त्यांच्या घरीं रडारड होई, असें माझे आजोबा सांगत.

पुढें आगगाडी आली. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर मापाचा मार्ग १८८२ सालापर्यंत राजनांदगांवला पोंचला. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. १९०३ सालीं गोंदियाहून नैनपूरकडे अरुंद मापाची गाडी सुरू झाली, आणि पुढें चांद्याच्या बाजूचा फांटा निघाला. भंडारा जिल्ह्यांतलें एक साधें ठिकाण चार दिशांचें जंक्शन बनलें. पूर्वीं आठवडा लागे तेथें आतां एक रात्र पुरूं लागली. पण श्रोतेहो, जी गाडी माणसाला लवकर नेते, ती त्याच्या रोगालाहि तितक्याच लवकर नेते. पायीं चालणारा संघ रोगी माणसाला वाटेंतच ठेवी. आगगाडी त्याला रोगाचीं लक्षणें दिसण्याआधींच दुसऱ्या प्रांतांत पोंचवी.

याचा अनुभव देशाला लौकरच आला. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, उद्भवला आणि माणसें शहर सोडून मिळेल त्या गाडीनें पळालीं. १८९७ सालीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. स्टेशनास्टेशनांवर उतारूंची तपासणी होऊं लागली; कांखेंत व जांघेंत गांठ आहे कीं काय हें परका मनुष्य पाही, याचा लोकांना फार संताप येई. त्याच वर्षीं १० जानेवारीस डॉक्टर हाफकिन यांनीं मुंबईंत आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. प्रवासाच्या सामानांत एका नव्या वस्तूची भर येथून पडली: टोंचून घेतल्याचा दाखला. पुढें पंढरपूरसारख्या मोठ्या यात्रांना जाणाऱ्यांकडून पटकीची लस टोंचल्याचा दाखला मागितला जाऊं लागला. औषध पिशवींतून निघून प्रवाशाच्या दंडांत शिरलें, असें म्हटलें तरी चालेल.

१९१८ च्या इन्फ्लुएंझानें तर सर्वांवर कडी केली. जूनमध्यें तो मुंबईस दिसला आणि पावसाळा सरतांना त्याची दुसरी, अधिक भयंकर लाट रुळांच्या बाजूनें देशभर पसरली. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. आणि ज्या प्रांतांना सर्वांत जबर तडाखा बसला, त्यांत आपला त्या वेळचा मध्यप्रांत व वऱ्हाड अग्रभागीं होता. त्या रोगावर बटव्यांत कांहीं नव्हतें आणि डॉक्टरच्या पेटींतहि कांहीं नव्हतें.

आतां हिंवतापाकडे वळूं. सिंकोना नांवाच्या दक्षिण अमेरिकेंतील झाडाच्या सालीचा गुण युरोपला बराच आधीं कळला होता. १८२० सालीं पेल्तिए व कावाँतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं त्या सालींतून कोयनेल वेगळें काढलें. १८६० नंतर निलगिरींत आणि दार्जिलिंगच्या बाजूस या झाडांची लागवड झाली. परंतु औषध तयार होणें वेगळें आणि तें खेड्यांतल्या माणसाच्या हातीं पडणें वेगळें. या दुसऱ्या कामीं जी युक्ति निघाली, ती मला फार मोठी वाटते. १८९२ सालापासून बंगालमध्यें कोयनेलच्या लहान लहान पुड्या पोस्ट ऑफिसांतून एका पैशाला एक या दरानें विकण्यास आरंभ झाला आणि ती वहिवाट पुढें इतर प्रांतांतहि गेली. डॉक्टर दहा कोसांवर असेल, पण टपालवाला येई. एक मात्रा, एक पुडी, एक पैसा. निरक्षर माणसालाहि यांत घोटाळा होण्याचें कारण नव्हतें. आमच्या घरीं पितळेच्या एका डबींत अशा पुड्या असत, असें आजोबा सांगत. तोंड कडू होई, कान गुणगुणत, म्हणून घरांतील मुलें ती डबी दिसली कीं पळून जात.

डासामुळें हिंवताप पसरतो, हें त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. १८९७ च्या ऑगस्ट महिन्यांत रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें डासाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु पाहिले, तेव्हां ही गांठ सुटूं लागली. त्या दिवसापासून मच्छरदाणी ही झोपेच्या सोयीची वस्तु न राहतां औषधपेटीचा भाग झाली. ज्ञान वाढलें कीं बटव्यांतील वस्तु कशा बदलतात, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

याच सुमारास औषधाचें रूपहि पालटलें. पूर्वींचीं विलायती औषधें बाटल्यांतून व चूर्णांतून मिळत. बाटली फुटे, चूर्ण ओल धरी, आणि मोजून घेण्यासाठीं तराजू लागे. १८४३ सालीं ब्रॉकेडन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें चूर्ण दाबून त्याची गोळी बनविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. पुढें बरोज वेलकम कंपनीनें १८८४ सालीं 'टॅब्लॉइड' हें नांव नोंदवून अशा गोळ्या भरलेल्या सुबक पेट्या प्रवाशांसाठीं काढल्या. स्टॅन्लेसारखे आफ्रिकेंतील प्रवासी त्या बरोबर नेत. आपल्याकडेहि उद्योगी माणसें स्वस्थ बसलीं नव्हतीं. पनवेलला १८७२ सालीं निघालेल्या धूतपापेश्वरच्या कारखान्यानें आयुर्वेदीय औषधें तयार स्वरूपांत विकण्यास घेतलीं आणि वैद्याच्या खलांतील औषध दूरच्या प्रवाशाला मिळूं लागलें. १८९३ सालीं मुंबईंत नागेश्वरराव यांनीं अमृतांजन काढलें. ती पिवळी बाटली पुढें किती ट्रंकांतून हिंडली याची गणती नाहीं. अमृतधारा तर पुष्कळ गृहिणी घरींच करीत. कापूर, ओव्याचें फूल आणि पुदिन्याचें फूल हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलींत एकत्र केले, कीं पाण्याचा थेंब न घालतां आपोआप त्यांचा द्रव होतो. लहानपणीं हा चमत्कार पाहून माझी शास्त्रावर प्रथम श्रद्धा बसली.

आतां जी गोष्ट सांगणार आहें, ती सांगावी कीं न सांगावी याचा मीं पुष्कळ विचार केला. १९६७ सालच्या चैत्रांत आमचें कुटुंब आमगांवहून गाडीनें डोंगरगडच्या नवरात्राला गेलें. मी आठ नऊ वर्षांचा होतों आणि माझी धाकटी बहीण पांच वर्षांची. आजीचा बटवा भरगच्च होता. दुसऱ्या दिवशीं बहिणीला जुलाब व वांत्या सुरू झाल्या. आजीनें जायफळ उगाळून दिलें, सुंठ दिली, पोटाला हिंग लावला. मूल पाणी मागत होतें. बरोबरच्या सर्व वडील मंडळींचें एकच म्हणणें पडलें कीं, पाणी दिलें तर जुलाब वाढेल. त्या काळीं सर्वांचाच तसा समज होता. तिचे ओंठ कोरडे पडले, डोळे खोल गेले. परतीच्या गाडींत, आमगांव येण्यापूर्वींच, ती गेली. आईनें पुढें कित्येक वर्षें प्रवासांत पाण्याचा तांब्या मांडीवरून खालीं ठेवला नाहीं. कोणी कारण विचारलें तर ती बोलत नसे.

त्या बटव्यांत पंधरा वस्तु होत्या. जी हवी होती ती मात्र घरच्या स्वयंपाकघरांत होती. ती म्हणजे मीठ, साखर आणि पाणी.

जुलाबांत माणूस मरतो तो शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें, हें वैद्यकाला उमगलें होतें. कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं पटकीच्या रोग्यांना शिरेंतून खारें पाणी देऊन पुष्कळ प्राण वांचविले. पण शिरेंतून पाणी देण्यास इस्पितळ लागतें. साधें पाणी पाजलें तर तें अंगीं लागत नाहीं. पुढें संशोधकांना असें आढळलें कीं, आंतड्याची भिंत साखर आणि मीठ हीं दोन्ही जोडीनें आंत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि जातें. जोराच्या पटकींतहि हा दरवाजा उघडा राहतो. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनवीस यांनीं पिंपांतून साखर-मिठाचें पाणी तयार करून तें रोग्यांच्या आप्तांच्याच हातीं दिलें. जेथें शंभरांत तीस मरत होते, तेथें तें प्रमाण चारांच्या आंत आलें. माझी बहीण त्यापूर्वीं चारच वर्षें गेली होती.

१९८८ सालीं मी मास्तर म्हणून मुलांची सहल घेऊन नवेगांव बांधला गेलों. शाळेच्या औषधपेटींत आयोडीन, पट्ट्या, तापाच्या आणि जुलाब थांबविण्याच्या गोळ्या होत्या. जलसंजीवनीची पुडी मात्र नव्हती. सायंकाळीं एका मुलाला जुलाब लागले व रात्रीं तो अगदीं गळून गेला. दवाखाना दूर आणि वाहन सकाळीं मिळावयाचें. मास्तरांच्या एका शिबिरांत मीं कृति ऐकली होती: एक लिटर उकळून गार केलेलें पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चहाच्या चमच्यानें मोजून मीं तें केलें आणि घोट घोट पाजीत रात्र काढली. पहाटे मुलानें लघवी केली, तेव्हां मला रडूं आवरलें नाहीं. तो मुलगा मात्र कां रडतां म्हणून विचारीत राहिला. तेथील एका बाईनें सकाळीं मीठ घातलेली तांदळाची पेज आणून दिली. आमच्या भागांत पेज ही गरिबाची न्याहारी; पण तांदळाचें पीठ पोटांत साखरच होतें, म्हणून ती पेजहि त्याच वाटेनें जाणारी होती. आपल्या जुन्या घरांत ज्ञान नव्हतें असें नाहीं. तें औषधाच्या बटव्यांत न राहतां चुलीवरच्या मडक्यांत होतें, आणि नेमक्या वेळीं तें आठवलें नाहीं.

हिंवतापाची कथाहि अशीच पुढें सरकली. १९४२ सालीं जावा बेट जपानच्या हातीं पडलें आणि कोयनेलची टंचाई झाली. नंतर क्लोरोक्वीन व डीडीटी आलीं. १९५३ सालीं देशव्यापी मोहीम सुरू होऊन १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखापर्यंत उतरली. आतां हिंवताप गेला असें लोक म्हणूं लागले. पण ढिलाई झाली, डास व जंतु दोघेहि औषधांना सरावले, आणि १९७६ सालीं तीच संख्या ६४ लाखांवर गेली. आज मेंदूवर जाणाऱ्या जातीच्या हिंवतापावर आर्टेमिसिनिनयुक्त औषधें देतात. या शोधासाठीं चीनच्या श्रीमती तू यूयू यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. मात्र ही पैशाला पुडी नव्हे. हिंवताप कोणत्या जातीचा आहे हें रक्त तपासून ठरवावें लागतें. प्रायमाक्वीनची गोळी तर कांहीं माणसांच्या रक्तांतील तांबड्या पेशी जन्मजात दोषामुळें फोडून टाकते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला देऊं नये. जंगलाच्या बाजूस जाऊन आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत थंडीताप आला, तर रक्त तपासून घ्यावें आणि कोठें गेलों होतों हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हें भाषण अपुरें राहील. आपल्या विदर्भाच्या पूर्वभागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग अनेक कुटुंबांत आहे. १९५२ सालीं निलगिरींत त्याची भारतांतील पहिली नोंद झाली, आणि २०२३ च्या १ जुलैस त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. अशा रोग्याला पाणी कमी पडलें, थंडी बाधली किंवा फार दमणूक झाली कीं अंगांत असह्य कळा येतात. प्रवासांत तर या तिन्ही गोष्टी एकदम भेटतात. माघी पौर्णिमेस कचारगडच्या यात्रेला निरनिराळ्या राज्यांतून गोंड बांधव येतात. रात्रीची थंडी, दिवसाची चढण आणि मध्यें पाण्याची तूट. त्या वाटेवर पुरेसें पाणी, पांघरूण, रोजचें औषध आणि तपासणीचें कार्ड हींच रोग्याचीं खरीं आयुधें. कार्ड हें औषध नव्हे खरें. पण अनोळखी गांवच्या डॉक्टरला तें अर्ध्या तासाची विचारपूस वांचवून देतें.

२०२० सालीं करोनाच्या टाळेबंदींत हजारों मजूर महामार्गानें देवरीवरून छत्तीसगडकडे पायीं निघाले. तोंडाला रुमाल, हातांत पाण्याची बाटली आणि डोक्यावर गांठोडें. शंभर दीडशें वर्षांपूर्वींचा पायीं चालणारा संघच जणूं परत आला होता. रस्त्याच्या कडेला लोक त्यांना पाणी, अन्न आणि जलसंजीवनीच्या पुड्या देत होते. तो देखावा पाहतांना माझ्या डोळ्यांपुढें आईचा तांब्या आला.

तेव्हां प्रवासास निघतांना काय घ्यावें? जें औषध रोज लागतें तें प्रवासाच्या दिवसांपेक्षां चार दिवस अधिक घ्यावें आणि अंगाजवळच्या पिशवींत ठेवावें, कारण ट्रंक हरवते. गोळ्यांच्या पट्ट्या कापूं नयेत; कापल्या कीं नांव आणि मुदत दोन्ही जातात. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. इन्शुलिन उन्हांत किंवा गाडीच्या खिडकीशीं ठेवूं नये. तापमापक, तापाची साधी गोळी, जखमेचें औषध, कापूस व पट्टी, मच्छरदाणी किंवा डासांचें मलम, आणि जलसंजीवनीच्या चार पुड्या एवढें बहुतेकांस पुरतें. पुडी एक लिटर पाण्यांतच मिसळावी. वाटीभर पाण्यांत मिसळली तर तीच अपाय करते, आणि तयार केलेलें पाणी दिवसानंतर टाकून द्यावें. आजीचा ओवा आणि सुंठ राहूं द्यावींत. त्यांनीं पोटाला बरें वाटतें आणि मनाला घर जवळ वाटतें. पण त्यांच्यावर विसंबून तहानलेल्या मुलाचें पाणी तोडूं नये.

बटव्यांत किती वस्तु आहेत याला फारसें महत्त्व नाहीं. त्यांतील प्रत्येक वस्तु केव्हां द्यावी आणि केव्हां देऊं नये, हें घरांतील एका तरी माणसास ठाऊक असावें. माझ्या आजीचें प्रेम कमी नव्हतें. तिला जें कोणी सांगितलें नव्हतें, तें आज आपणां सर्वांस सांगितलें गेलें आहे. पुढच्या वेळीं फलाटावर कोणाच्या पिशवींत पुरचुंडी ठेवाल, तेव्हां तींत एक पुडी जलसंजीवनीची ठेवा आणि ती कशी मिसळावी हें त्याच्याकडून एकदां म्हणवून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.